लिसनिंग सहावर अडकलंय? टेस्ट कमी करा, श्रुतलेखन सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी माध्यमातून शिकून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलेल्या आणि खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या एका सिस्टरना ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. रीडिंगला सात बँड (नऊपैकी श्रेणी) येतो, लिसनिंग मात्र सहाच्या पुढे सरकत नाही. त्या रोज एक मॉक टेस्ट सोडवतात. त्या विचारतात, ‘विषय समजतो, पण नेमकं उत्तर हातून निसटतं. अजून किती टेस्ट सोडवू?’

सिस्टर, पुढचे तीन आठवडे रोजची टेस्ट बंद करा. तुम्ही कामात रोज पाहता, थर्मामीटर कितीही वेळा लावला तरी त्यानं ताप उतरत नाही. मॉक टेस्टचंही तेच आहे. ती तुम्ही कुठं आहात ते सांगते, कान तयार करत नाही. तुमच्या रीडिंगला सात येतो म्हणजे शब्दसंग्रह आणि व्याकरण यांत फार कमी नाही. जो शब्द कागदावर दिसताक्षणी ओळखता, तोच शब्द बोलण्याच्या ओघात आला की ओळखू येत नाही, एवढीच खरी अडचण आहे. मराठी माध्यमातून आलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांची हीच असते. तिच्यावरचा उपाय जुना आहे आणि तुम्ही शाळेत तो केलेला आहे: श्रुतलेखन.

त्याकडे वळण्याआधी आकडे नीट समजून घ्या, म्हणजे किती अंतर कापायचं आहे ते कळेल. लिसनिंगला चार भागांत मिळून ४० प्रश्न असतात, प्रत्येकाला एक गुण, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. सरासरीनं २३ उत्तरं बरोबर आली की सहा बँड, ३० आली की सात, ३५ आली की आठ. प्रश्नपत्रिका किती अवघड आहे त्यानुसार एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक पडतो. म्हणजे सहा ते सात हे अंतर जेमतेम सात उत्तरांचं आहे. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयईएलटीएसच्या अ‍ॅकॅडमिक प्रकारात एकूण सात, त्यातही लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगला प्रत्येकी सात आणि रायटिंगला साडेसहा हवा असतो. २०२३ पासून बारा महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र धरता येतात, मात्र कुठल्याही परीक्षेत कुठलाही भाग लागणाऱ्या बँडपेक्षा अर्ध्या बँडहून जास्त खाली गेलेला चालत नाही. म्हणजे लिसनिंगला सहा आला तर ती परीक्षा या सोयीत बसत नाही, साडेसहा आला तर बसते. त्यामुळे तुमचं पहिलं लक्ष्य साडेसहाच्या खाली कधीच न जाणं हे ठेवा.

आता ही सात उत्तरं कुठं गळतात ते शोधायचं. तुम्ही सोडवलेल्या शेवटच्या चार-पाच टेस्ट काढा आणि प्रत्येक चुकीसमोर कारण एका वहीत लिहा. ‘चुकलं’ एवढं लिहून भागणार नाही. आवाजच ओळखता आला नाही, की शब्द कळला पण स्पेलिंग किंवा अनेकवचनाचा एस राहिला? आधी सांगितलेलं उत्तर घेतलं आणि बोलणाऱ्यानं नंतर ते बदललं? की एका प्रश्नावर अडकून पुढचे दोन निघून गेले? या चार कारणांत जवळजवळ सगळं बसतं. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना वाटत असतं की ते अवघड चौथ्या भागात गुण घालवतात. वही भरल्यावर अनेकदा दिसतं की पहिल्या भागात, जिथं नाव, फोन नंबर आणि पत्ता लिहायचा असतो, तिथंच दोन-तीन गुण गेलेले आहेत. हे गुण सगळ्यांत लवकर परत मिळतात.

श्रुतलेखन असं करा. ज्याचा छापील मजकूर हाताशी आहे असाच ऑडिओ घ्या. केंब्रिजच्या अधिकृत सराव पुस्तकांच्या शेवटी सगळे संवाद छापलेले असतात. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर सहा मिनिटांचे कार्यक्रम मजकुरासह मोफत मिळतात. त्यातलं फक्त एक मिनिट निवडा. पहिल्यांदा नुसतं ऐका, काय चाललंय ते समजून घ्या. मग एकेक वाक्य थांबवत शब्दन् शब्द लिहून काढा. न कळलेल्या ठिकाणी रेघ ओढा आणि पुढं जा. तेच वाक्य पाच-सहा वेळा ऐकायला हरकत नाही. परीक्षेत ऑडिओ एकदाच वाजतो, म्हणून सरावातही एकदाच ऐकायचं हा समज सोडून द्या. परीक्षेची सवय वेगळी आणि कानाची तयारी वेगळी. सगळं लिहून झाल्यावरच छापील मजकूर उघडा आणि लाल पेनानं तपासा.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात येईल. तुमच्या रेघा मोठ्या, अवघड शब्दांवर नसतील. त्या ‘ऑफ द’, ‘हॅज बीन’, ‘टु बी’, ‘देअर वॉज अ’ असल्या चिल्लर शब्दांवर असतील. याचं कारण आपल्या भाषेच्या लयीत आहे. मराठीत प्रत्येक अक्षराला आपण साधारण सारखं वजन देतो आणि इंग्रजीही तशाच लयीत बोलतो. आपल्या शिक्षकांचं, डॉक्टरांचं, बातम्यांमधलं भारतीय इंग्रजी असंच असतं, म्हणून ते लगेच कळतं. ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन माणूस मात्र वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दांवर जोर देतो आणि मधले शब्द अक्षरशः गिळतो. ‘शुड हॅव बीन’ हे ‘शुडव्बिन’ होतं. ‘कॅन’चं ‘कन’ होतं, इतकं पुसट की ऐकू येत नाही. ब्रिटिश नकार मात्र ‘कांट’ असा लांब आणि ठसठशीत येतो. ‘नॉट अ‍ॅट ऑल’ एकच शब्द असल्यासारखं ‘नॉटटॉल’ येतं. अमेरिकन बोलण्यात दोन स्वरांमधला ट सैल होऊन ड सारखा लागतो, म्हणून ‘वॉटर’ हे ‘वॉडर’ ऐकू येतं. दक्षिण इंग्लंडच्या बोलण्यात शब्दाच्या शेवटचा किंवा व्यंजनाआधीचा र उच्चारतच नाहीत, त्यामुळे ‘वर्क’ आणि ‘वॉक’ आपल्या कानाला सारखेच वाटतात. ‘वॉन्ट’ आणि ‘वोन्ट’ यांतला फरकही असाच बारीक आहे आणि तो चुकला तर वाक्याचा अर्थच उलटतो.

हे वाचून पटेल, पण कानात उतरणार नाही. ते उतरतं तोंडातून. म्हणून तपासणी झाली की तेच एक मिनिट पुन्हा लावा आणि मजकूर समोर ठेवून बोलणाऱ्याच्या बरोबरीनं, त्याच वेगानं, त्याच जोरानं बोला. त्यानं गिळलेले शब्द तुम्हीही गिळा. सुरुवातीला जीभ अडखळते, संकोचही वाटतो, खोलीचं दार लावून घ्या. जो आवाज स्वतः काढता येतो तो ऐकताना पटकन ओळखू येतो, हे मी मराठी माध्यमातल्या मुलामुलींच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताना तोच तुकडा कागदाशिवाय ऐका. रोज नवीन काहीतरी ऐकण्यापेक्षा चिरफाड केलेले जुने तुकडे पुन्हा ऐकणं जास्त फळतं. वेग कमी करायचाच असेल तर एखादं वाक्य अगदीच फुटत नसेल तेव्हापुरता करा आणि लगेच मूळ वेगावर या.

सबटायटल लावून मालिका बघण्याबद्दल बरेच जण विचारतात. खाली अक्षरं दिसत असली की डोळे वाचतात आणि कान सुट्टीवर जातात. करमणूक म्हणून जरूर बघा, सरावात धरू नका.

पहिल्या भागातली अक्षरं आणि आकडे यांचा वेगळा सराव लागतो. नाव किंवा रस्ता स्पेलिंग करून सांगतात, तेव्हा ऑस्ट्रेलियन उच्चारातलं ए अक्षर आपल्याला ‘आय’सारखं लागतं आणि आय अक्षराशी गल्लत होते. ब्रिटिश माणूस आर अक्षर नुसतं ‘आ’ म्हणतो. अमेरिकन माणूस झेडला ‘झी’ म्हणतो, तिथं जी लिहिलं जातं. जी आणि जे, बी आणि व्ही या जोड्याही फसवतात. फोन नंबरमध्ये शून्याला ‘ओ’ म्हणतात, आणि ‘डबल सेव्हन’ ऐकल्यावर एकच सात लिहिणारे दर बॅचमध्ये निघतात. घरातल्या कुणाला तरी रोज दहा नावं आणि दहा नंबर भरभर वाचायला सांगा आणि लिहा. नुसतं ऐकून कळतं असं वाटतं, लिहायला बसल्यावर हात मागे पडतो.

तेरा आणि तीस, पंधरा आणि पन्नास यांचा घोळ सगळ्यांना माहीत असतो. उपाय म्हणून सांगतात की ‘थर्टीन’मध्ये जोर शेवटी आणि ‘थर्टी’मध्ये सुरुवातीला. हे आकडा एकटा असेल तेव्हा खरं आहे. पुढं नाम आलं, उदाहरणार्थ ‘थर्टीन पेशंट्स’, की जोर पुढं सरकून पहिल्या अक्षरावर येतो आणि हा नियम फसवतो. तेव्हा भरवसा शेवटच्या दीर्घ ई वर आणि न वर ठेवायचा. मराठीत आपण पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर म्हणतो, इंग्रजीत उलट. त्यामुळे ऐकलेला आकडा मनात मराठीत आणून लिहिणाऱ्यांच्या हातून अंक उलटे पडतात. आकडा ऐकला की थेट अंकच लिहायची सवय लावा. तुमच्या कामात याचं महत्त्व मी सांगायची गरज नाही. हॅण्डओव्हरच्या वेळी पंधरा मिलिग्रॅम आणि पन्नास मिलिग्रॅम यांत गफलत झाली तर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कौन्सिल लिसनिंगला सात मागते ते मला रास्त वाटतं.

आता फसवणुकीकडे येऊ. ही परीक्षा मुद्दाम आधी चुकीचं उत्तर ऐकवते. ‘क्लास मंगळवारी असतो... नाही, सॉरी, या महिन्यापासून गुरुवारी केलाय.’ ज्यानं मंगळवार लिहून पेन्सिल खाली ठेवली त्याचा गुण गेला. ‘अ‍ॅक्चुअली’, ‘ओरिजिनली’, ‘यूज्ड टु’, ‘वी वेअर गोइंग टु’, ‘बट’ हे शब्द कानावर पडले की समजा, काहीतरी बदलणार आहे. पर्यायी उत्तरांच्या प्रश्नात तर बहुधा तिन्ही पर्यायांचा उल्लेख होतो. पर्यायातला शब्द जसाच्या तसा ऐकू आला की खूश होऊन तोच निवडू नका, तो बहुतेकदा सापळा असतो. बरोबर उत्तर वेगळ्या शब्दांत येतं: पर्यायात ‘स्वस्त’ असेल तर बोलणारा म्हणेल, ‘आम्हाला वाटलं होतं त्याच्या निम्म्या पैशांत झालं.’

तिसऱ्या भागात दोन ते चार जण बोलतात, साधारणपणे विद्यार्थी आणि त्यांचे प्राध्यापक. इथं शब्दांपेक्षा सूर महत्त्वाचा. एक विद्यार्थिनी काहीतरी सुचवते, दुसरा म्हणतो, ‘वेल, आय सपोज सो...’ हा होकार आहे का? अर्धाच. पुढं तो ‘बट’ लावून वेगळं सुचवतो आणि ती म्हणते, ‘यू आर राइट.’ उत्तर तिथं आहे. कुणी काय सुचवलं यापेक्षा शेवटी दोघांचं कशावर जमलं ते पकडा. बहुतेकांना हा भाग सगळ्यांत जड जातो, म्हणून श्रुतलेखनासाठी तुकडे निवडताना निम्मे याच भागातले घ्या.

दुसऱ्या भागात कधी कधी नकाशा असतो. ऑडिओ सुरू होण्याआधी आपण कुठं उभे आहोत आणि उत्तर दिशा कुठं आहे एवढं बघून ठेवा. ‘ऑपोझिट’, ‘जस्ट पास्ट’, ‘अ‍ॅट द फार एंड’, ‘ऑन द कॉर्नर’, ‘नेक्स्ट टु’ हे शब्द चालता चालता कळले पाहिजेत. तुमच्या रुग्णालयाच्या एका मजल्याचा आराखडा काढा आणि लिफ्टपासून आयसीयू, फार्मसी, लॅब असा रस्ता इंग्रजीत मोठ्यानं सांगा. आठवडाभरात नकाशाची भीती जाते.

चौथा भाग म्हणजे एकाच व्यक्तीचं व्याख्यान, दहा प्रश्न आणि मध्ये थांबा नाही. विषय पक्ष्यांच्या स्थलांतराचा असेल किंवा जुन्या काळच्या मीठ-व्यापाराचा, त्याची माहिती असण्याची गरज नसते. छापलेली टिपणं व्याख्यानाच्याच क्रमानं चालतात, म्हणून उपशीर्षकांवर नजर ठेवा. वक्ता ‘नाउ लेट्स टर्न टु’ असं म्हणाला की तुम्हीही पुढच्या उपशीर्षकावर गेलं पाहिजे. नजर नेहमी दोन प्रश्नांवर ठेवा, चालू आणि पुढचा. पुढच्याचा शब्द ऐकू आला म्हणजे चालू निघून गेला. तो सोडा. एका गुणाच्या मागे लागून तीन गुण घालवलेले विद्यार्थी मी खूप पाहिले आहेत आणि मला त्याचं नेहमी वाईट वाटतं, कारण त्यांना येत असतं. रिकामी जागा शेवटी अंदाजानं भरा, गुण वजा होत नाहीत.

ऐकण्याआधी मिळणाऱ्या वेळात रिकाम्या जागेत कोणत्या जातीचा शब्द बसेल हे ठरवा. आकडा, ठिकाण, माणूस, की विशेषण? आधी ‘अ’ असेल तर एकवचन, ‘मेनी’ असेल तर अनेकवचन. एस राहिला की उत्तर चूक, तिथं अर्धा गुण नसतो. सूचनेत ‘वन वर्ड ओन्ली’ असेल आणि तुम्ही ‘द’ लावून दोन शब्द लिहिले तर बरोबर शब्दही फुकट जातो. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात, पण चुकीचं कुठलंच चालत नाही. स्पेलिंगसाठी याद्या पाठ करत बसू नका, श्रुतलेखनात स्वतःचे चुकलेले शब्द एका पानावर लिहीत जा. ‘अकोमोडेशन’मध्ये सी आणि एम दोन्ही दोनदा, ‘वेन्सडे’मधला न ऐकू येणारा डी, ‘फेब्रुवारी’मधला पहिला आर, ‘क्वेश्चनेअर’मधले दोन एन. तुमचं पान यातूनच सुरू होईल बहुधा.

परीक्षा कागदावर असेल तर ऑडिओ संपल्यावर उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला १० मिनिटं मिळतात. संगणकावर उत्तर ऐकता ऐकताच टाइप करायचं असतं आणि शेवटी तपासायला फक्त २ मिनिटं मिळतात. संगणकाची परीक्षा देणार असाल आणि टायपिंग फक्त मोबाइलवरच होत असेल, तर कीबोर्डची सवय आतापासून करा. निदान तुमचं चुकलेल्या शब्दांचं पान रोज एकदा टाइप करा. नाहीतर शब्द कळूनही बोटं अक्षर शोधत राहतात आणि तोवर पुढचं वाक्य येतं.

तुमच्या शिफ्ट लक्षात घेऊन वेळ सांगतो. रोज अर्धा-पाऊण तास, त्यात एक मिनिटाचं श्रुतलेखन, त्याची तपासणी आणि बरोबरीनं बोलणं. नाइट ड्यूटीनंतर नवीन तुकडा घेऊ नका, थकलेल्या कानानं केलेला सराव निराशा देतो. त्या दिवशी बसमध्ये जुने तुकडे ऐका. तीन आठवड्यांनंतर दर रविवारी, परीक्षेच्या वेळीच, एक पूर्ण टेस्ट एकाच बैठकीत द्या आणि तिच्या चुका सोमवार-मंगळवारी वहीत घाला. चुकलेल्या प्रश्नाजवळचे तुकडे हेच त्या आठवड्याचं श्रुतलेखन. सलग तीन रविवारी ३१-३२ येऊ लागले की परीक्षेची तारीख घ्या. काठावरच्या ३० वर जाऊ नका, परीक्षा केंद्रावरच्या ताणात एक-दोन गुण सहज जातात.

एक शेवटचा मुद्दा, कारण क्लासवाले तो फार सांगत नाहीत. कौन्सिल ओईटीही स्वीकारते. ती आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा आहे. तिथं लिसनिंगला ४२ प्रश्न असतात आणि सगळे विषय तुमच्या कामातले: पहिल्या भागात रुग्णाशी झालेलं बोलणं ऐकून टिपणं भरायची, पुढं वॉर्डातले छोटे संवाद आणि मग आरोग्यविषयक मुलाखती किंवा व्याख्यानं. लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगला बी आणि रायटिंगला सी प्लस श्रेणी लागते. विषय ओळखीचे असले तरी बोलण्याचा वेग आणि गिळलेले शब्द तेच असतात, त्यामुळे वर सांगितलेला सराव तिथंही तितकाच करावा लागेल. दोन्हींचा एकेक अधिकृत नमुना संच सोडवून बघा, शुल्काचा विचार करा आणि मग एक निवडा. एकदा निवडली की मध्येच बदलू नका, कारण दोन्हींच्या प्रश्नांचे प्रकार वेगळे आहेत आणि पुन्हा पहिल्यापासून सवय करण्यात महिना जातो.